पेशींची शिल्लक

सहकारी दूध संस्थेत माप घालताना राधाकिशनचा हात थरथरू लागला, दूध सांडू लागलं. तेव्हा थोरली बहीण सुंदरबाई त्याला तेलगावहून बीडला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन आली.

"कंपवात आहे," डॉक्टर म्हणाले. "हात हलायला लागतो, तोवर मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागातल्या निम्म्याहून जास्त पेशी संपलेल्या असतात."

"मंग आता माजं कसं व्हायचं, साहेब?" राधाकिशननं विचारलं.

"गोळ्यांनी बरीच वर्षं निभतं. शिवाय तुम्ही चांगले उंच आहात. लहानपणी पोटभर मिळालं की उंची वाढते, तशी या पेशींची शिल्लकही जास्त राहत असावी, असं काहींना वाटतं. नक्की अजून कुणालाच माहीत नाही."

"आन् बुटक्या मानसाचं?" सुंदरबाईनं विचारलं.

"त्यांची कदाचित लवकर संपत असेल."

राधाकिशनला बहात्तरचा दुष्काळ आठवला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, तिथं पोरांना खायला सुकडी मिळायची. अक्का आपल्या वाट्याची सुकडीही त्यालाच भरवायची. तो सहा फूट वाढला, ती त्याच्या खांद्यालाही पोचली नाही.

त्यानं वळून पाहिलं. अक्कानं उजवा हात पदराखाली घट्ट दाबून धरला होता, तरी पदर हलत होता.

"अक्का, कवापासून?"

"तुज्या आदीपासून."