तीनशे बारा नंबरचं कार्ड

स्टॅन्लीनं डाव्या हातानं आणखी एक कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं.

“एकशे अठरा,” ग्लेन म्हणाला. “आहे, बाबा. एकशे अठरा आहे आपल्याकडे.”

म्हाताऱ्याच्या घशातून ‘अं’ असा आवाज निघाला. अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही नेल्याला चार महिने झाले होते. टोलेडो शहरातल्या त्या शुश्रूषागृहात आता त्याचं सगळं बोलणं त्या एका ‘अं’मध्येच चालायचं.

जरा बरं वाटल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे डाव्या हातानं वेडंवाकडं चित्र काढलं. घर, माळा, खोका. ग्लेननं माळ्यावरून खोका आणला आणि उघडला. आत बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांची जुनी कार्डं होती, पूर्वी च्युइंगमच्या पाकिटात मिळायची तसली. एका बुडालेल्या च्युइंगम कंपनीचा, साठ सालच्या मोसमाचा अख्खा संच. तीनशे अकरा कार्डं. फक्त शेवटचं, तीनशे बारावं तेवढं नव्हतं.

ग्लेनचं स्वतःचं असल्याच कार्डांचं दुकान होतं, तीस वर्षांचं. “चित्रं विकून पोट भरतोस होय रे?” असं ज्यानं जन्मभर हिणवलं, त्याच माणसाच्या माळ्यावर हे घबाड निघावं! ग्लेनला हसू आलं आणि रडूही.

बापलेकांचं तसं कधी जमलंच नव्हतं. ग्लेन दोन वर्षांचा असताना त्याची आई, आयरीन, क्षयानं गेली. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता. सोळाव्या वर्षी ग्लेननं एकदा धीर करून विचारलं, “आई कशी होती हो?” स्टॅन्ली उठून गॅरेजमध्ये गेला तो जेवायलाच आत आला. पुन्हा विचारायची ग्लेनची छाती झाली नाही. आणि आता सांगावंसं वाटलं असतं तरी बापाला सांगता येणार नव्हतं. निदान त्याला हवंय ते आणून द्यावं, एवढंच ग्लेनच्या हातात होतं.

काय हवंय, हे तर उघडच दिसत होतं. म्हातारा रोज कार्डं नंबरानं लावायचा, आणि नंबर छापलेला मागच्या बाजूला, म्हणून सगळी पालथी. एक, दोन, तीन. मग बोट ठेवून ग्लेनकडे बघायचा. थोड्या वेळानं रडायचा.

“संच पुरा करायचाय त्यांना,” ग्लेन नर्सला म्हणाला. “एका कार्डासाठी जीव अडकलाय.”

द्यायचंच तर झकास करून द्यावं, म्हणून त्यानं खोका दुकानात नेला. कार्डं ठेवणीतली होती, कोपरेसुद्धा शाबूत. खोट एकच होती. मागच्या कोऱ्या जागेत कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. पूर्वी पोरं असलं काहीबाही लिहायचीच. आणि पेन्सिलीची रेघ दिसली की कार्डाचा दर्जा घसरलाच. ग्लेननं दुकानाच्या पहिल्या दिवसापासूनच्या शिरस्त्यानं कार्डं संघवार वेगळी केली, मऊ खोडरबर घेतला आणि कामाला लागला. एकावर ‘मोजे’, दुसऱ्यावर ‘आणि’, कुठे ‘बर्फ’. कुणाचा तरी शुद्धलेखनाचा गृहपाठ असावा. तीन दिवसांत त्यानं कार्डं अशी लख्ख केली की भिंगाखालीसुद्धा ओरखडा दिसेना.

खोका परत नेला तेव्हा स्टॅन्लीनं पहिलं कार्ड पालथं केलं. मग दुसरं. मग भराभर वीस-पंचवीस. आणि त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खोलीतली बाई दारात आली.

“मिळेल, बाबा!” ग्लेन त्याचा हात धरून म्हणाला. “तीनशे बारा शोधतोय मी. शपथ!”

स्टॅन्लीनं तो हात झिडकारला. त्या दिवसापासून त्यानं कार्डांना हात लावला नाही. जेवणही सोडलं. सफरचंदाच्या लगद्याचा चमचा समोर आला की तोंड भिंतीकडे फिरवायचा.

ग्लेननं जिवाचं रान केलं. इंडियाना, मिशिगन, जिथे जिथे कार्डांचा बाजार भरायचा तिथे जाऊन आला. शेवटची कार्डं छापता छापता कंपनीच बसली होती. ती बाजारात कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं सांगितलं, की ही कंपनी टोलेडोचीच, कारखान्यात कामाला होतं अशा कुणाला तरी विचार. तेव्हा त्याला डॉलरेस आठवली. आईची बहीण, ॲरिझोनाला असायची. तिचं आणि स्टॅन्लीचं बोलणं कधीच तुटलेलं. ग्लेननं तिला फोन लावला.

“मावशी, तू च्युइंगमच्या कारखान्यात होतीस ना गं?”

“मी आणि तुझी आई, दोघी. पाकिटं भरायला. का रे?”

“त्यातलं तीनशे बारा नंबरचं कार्ड बघितलंयस कुठे?”



“म्हणजे दिली त्यानं तुला कार्डं?” मावशीनं विचारलं. “अखेर दिली! थांब, मी स्वतःच घेऊन येते.”

गुरुवारी ती आली. काठी टेकत, धापा टाकत. पलंगावरच्या स्टॅन्लीकडे तिनं पाहिलं आणि इतक्या वर्षांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. स्टॅन्लीनं डोळे घट्ट मिटून घेतले. मग तिनं पर्समधून एक पाकीट काढून ग्लेनच्या हातात दिलं.

ग्लेननं कार्ड उलटून बघितलं. तीनशे बारा. नंबराखाली पेन्सिलीनं एकच शब्द होता: आई.

“हॉस्पिटलात पडल्या पडल्या लिहायची,” मावशी खुर्ची ओढून बसली. “एका कार्डावर एक शब्द. म्हणायची, पोराला आकडे लावता आले की वाचील. सहीचं तेवढं माझ्याकडे दिलं. त्या निमित्तानं तरी भाच्याला भेटशील म्हणाली. तर मग, कुठवर आलास वाचत?”