चौदा गठ्ठे लोकर

"एफ दर्जा येतोय," घर किती ऊब धरतं ते तपासून दाखला द्यायला आलेली केरी बोवेन मांडीवरच्या टॅबलेटवरची नजर न काढता म्हणाली. "चौतीस गुण. भाड्यानं द्यायचं तर ई लागतो. म्हणजे निदान एकोणचाळीस."

नेरिस प्रिचर्ड चहाची किटली हातात धरून तशीच उभी राहिली. सकाळपासून तिनं सगळं घर पुसून काढलं होतं, जणू गुण स्वच्छतेचेच मिळणार होते.

"भिंती धरल्या का तुम्ही?" तिनं विचारलं. "आतून फळ्या ठोकल्यात. त्यांच्या मागं मेंढीची लोकर आहे. माझ्या नवऱ्यानं स्वतः भरलीय. दोन हिवाळे खपत होता."

"पावती आहे? कामाचे फोटो?"

"इदवालनं आयुष्यात पावती जपली नाही."

"मग मला भिंत नुसती दगडाची धरावी लागते, प्रिचर्डबाई. डोळ्यांना दिसलं किंवा कागद मिळाला, तरच दाखल्यात लिहिता येतं. उद्या कुणी तपासायला आलं तर माझा परवाना जाईल."

नेरिस खुर्चीवर बसली. ती कुणाच्या हातापाया पडणारी बाई नव्हती. पण आज तिनं सगळं सांगून टाकलं. इदवालचं डोकं चालेनासं होऊन तीन वर्षं झाली होती. बँगरच्या वृद्धाश्रमात त्याची खोली मार्चअखेरपर्यंतच होती. घराचं भाडं सुरू झालं तर तो तिथंच राहणार, नाहीतर त्याला रेक्समच्या स्वस्त आश्रमात हलवणार. इथून, बेथेस्डाहून, रेक्समला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. आणि तो दुपारचा घास तिच्याच हातून घ्यायचा, दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटायचा. बहिणीनं तिला आपली मागची खोली देऊ केली होती. शाळेतलं एक शिक्षक जोडपं पहिल्या तारखेला सामान घेऊन यायला तयार होतं. अडलं होतं ते या एका कागदावर.

"पाच गुण," ती म्हणाली. "पाच गुणांसाठी माझा माणूस तिकडे जाईल."

केरीनं चहाच्या कपाकडे पाहिलं. "मला कळतंय हो. पण न दिसलेलं कसं लिहू?"

"मग दाखवते."

"आम्हाला तोडफोड करायला परवानगी नाही."

"तुम्हाला नाही. घर माझं आहे."

तिनं जिन्याखालून इदवालची पहार काढली. निजायच्या खोलीत जाऊन पलंग ओढून बाजूला केला आणि उत्तरेच्या भिंतीवरच्या पहिल्या फळीत पहारेचं टोक घातलं. वय सदुसष्ट, पण हात बेकरीत कणीक मळून कणखर झालेले होते. फळ्यांचं काम चालू होतं तेव्हा शनिवारी ती बेकरीत दिवसभर गल्ल्यावर असायची. संध्याकाळी दमून घरी यावं, तर इदवाल स्वयंपाकघरात बसलेला असायचा, भुवयांत लोकरीचे तंतू अडकलेले. आज किती झालं, असं ती विचारायची. तो म्हणायचा, एका माणसाचं काम आहे, वेळ लागतो. त्या दोन हिवाळ्यांत तिला नवऱ्याचा फार अभिमान वाटला होता. सगळ्या गल्लीत तिनं सांगितलं होतं.

फळी कडकडून निघाली.

मागं काळा, ओला दगड होता. बाकी काही नाही.

"या कोपऱ्यात राहून गेली असेल," नेरिस म्हणाली आणि दुसरी फळी उचकटली. मग तिसरी. मग बैठकीच्या खोलीतली. वरच्या खोलीत केरीनंच बॅटरी धरली. फळी आणि दगड यांच्यामध्ये कोळ्याची जाळी होती, आणि बोचरा वारा थेट तोंडावर येत होता.

"पुरे आता," केरीनं पहार तिच्या हातून हळूच काढून घेतली. "आजारी माणसाच्या मनात काय काय येतं. त्यांना खरंच वाटत असेल की भरली म्हणून."

"तेव्हा तो ठणठणीत होता. एकवीस वर्षं झाली त्या गोष्टीला. लोकरीचे गठ्ठे मी माझ्या हातानं दारात उतरवून घेतलेत. मोजून चौदा." नेरिसनं उघड्या दगडावर तळहात आपटला. "चौदा गठ्ठे हवेत विरतात का?"

केरीनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. मग टॅबलेट पिशवीत घालत म्हणाली, "सोमवारपर्यंत मी दाखला नोंदवत नाही. कुठल्याही एका भिंतीत लोकर सापडली तर फोन करा. मी लगेच येईन."

नेरिस अंगावरच्या धुळीसकट बँगरच्या बसमध्ये चढली.

दुपार टळून गेली होती. इदवाल खिडकीपाशी बसला होता आणि पुढ्यातलं ताट तसंच गार पडलं होतं. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्याचे दोन्ही हात तिनं घट्ट धरले.

"इदवाल, लोकर कुठं भरलीस? चौदा गठ्ठे होते. आठवून बघ. नाहीतर ते तुला लांब नेतील रे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. त्यानं हात सोडवून घेतला आणि तिच्या केसांतली धूळ बोटांनी झाडली.

"सगळी भरली की," तो म्हणाला. "चौदाच्या चौदा. एक मागं ठेवला नाही."

"कुठल्या भिंतीत?"

"असं काय विचारतेस? तुझ्या पलंगामागच्या. रात्रभर खोकायचीस. थांबला ना खोकला?"

"ती भिंत मी आत्ताच उघडली, इदवाल. रिकामी आहे ती."

त्यानं दाराकडे पाहिलं, तिच्या कानाशी वाकला आणि आवाज खाली आणला.

"ती आमच्या घरची. तिथं मी नुसत्या फळ्या ठोकल्यात. नेरिसला पत्तासुद्धा नाही."