फिदेओ कुणाच्या हातचं खातो

“आणि कपाटाला हात लावायचा नाही,” ओतिलिया म्हणाली. किल्ली अजून तिच्याच मुठीत होती.

“नाही लावणार, बाई.”

“माझ्या खोलीत जायचं काही कारणच नाही. तुझी गादी बैठकीत घातलीय. फिदेओला भात आणि कलेजी, बिनमिठाची. समोर बसून भरवावं लागतं, नाहीतर तोंड फिरवतो. म्हातारा झालाय, दिसतही नाही फारसं.”

यामिलाने मान हलवली. लोक गावाला गेले की त्यांच्या घरी राहून कुत्री-मांजरं सांभाळायची, हे काम तिने नुकतंच धरलं होतं. पहिल्या घरच्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. ‘आमचा कुत्रा आता आम्हाला विचारतसुद्धा नाही,’ असं त्या बाई हसत हसत म्हणाल्या होत्या. ओतिलियाला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

यामिला खाली बसली. फिदेओ उठला, तिचा हात हुंगला आणि चक्क शेपूट हलवली.

“कुणालाही हलवतो तो,” ओतिलिया म्हणाली.

हे काही खरं नव्हतं. नवरा गेल्यापासून मोंतेविदेओतल्या त्या छोट्या घरात ती आणि फिदेओ दोघंच होती, आणि तो तिच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

पण इलाज नव्हता. दूरच्या पायसांदू शहरात तिची बहीण ब्लांका मोरीत घसरून खुब्याचं हाड मोडून बसली होती. ओतिलियाने शेवटी मूठ उघडली.

“खाल्लं नाही तर लगेच फोन कर. मी निघून येईन.”

बसमध्ये बसल्यावर तिला जरा बरं वाटलं. तो खाणारच नाही, याची तिला खात्री होती.

पहिले एक-दोन दिवस यामिलाकडून नुसतंच ‘सगळं ठीक’ असा मेसेज आला. मग फोटो आला. ताटली लख्ख चाटलेली, फिदेओच्या मिशांना भाताची शितं. दुसऱ्या दिवशी तसाच. त्याच्या पुढच्या दिवशी तर तो उताणा पडून पोट खाजवून घेत होता.

“बघू,” ब्लांका म्हणाली. “अगं, किती खूश आहे! सुटलीस की.”

“हो ना,” ओतिलिया म्हणाली आणि भांडी आदळत घासू लागली.

रोज ती फोन करी आणि यामिलाला तो फिदेओच्या कानाशी धरायला लावी. “काय रे सोद्या, जेवलास का? आई येतेय हं!” आणि मग विचारी, “भुंकला का?”

“नाही, बाई. झोपलाय.”

“हल्ली फारच झोपतो म्हणायचा.”

ब्लांका पलंगावरून हसली. “नवऱ्याने दुसरी आणल्यासारखं तोंड झालंय तुझं.”

“गप गं तू.”

मग शेजारच्या निबियाचा फोन आला. निबियाला दोन्ही घरांमधल्या भिंतीवरून डोकावायची सवय होती आणि त्याची लाज नव्हती.

“सांगू की नको, असं झालंय बघ मला. तुझा तो निळा स्वेटर, कोपरावर ठिगळ लावलेला, तो तू दिलास का त्या पोरीला?”

“नाही.”

“मग अंगात घालून फिरतेय. तुझ्या खुर्चीत बसते. तुझ्याच तुंब्यातून येर्बाचा कडू चहा पिते. आणि तुझ्या त्या कोलोन अत्तराचा घमघमाट! मला वाटलं तूच परत आलीस.”

“आणि फिदेओ?”

“तिच्या मांडीवर डोकं ठेवून असतो गं.”

ओतिलियाच्या अंगाची आग आग झाली. कपाट उघडलं म्हणजे पलंगावरही झोपत असणार. आज स्वेटर, उद्या घर. ती मेली असती तरी इतक्या लवकर कुणी तिची जागा घेतली नसती! ब्लांका आता काठी धरून चालू लागली होती. ओतिलियाने ब्लांकाच्या जावेला सोबतीला बोलावलं आणि यामिलाला न कळवता रात्रीची बस पकडली.

वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं घोळवत होती. चोर. निर्लज्ज. किल्ली इथे ठेव आणि चालती हो.

सकाळी ती पुढच्या दाराने गेलीच नाही. बोळातून मागच्या परसात आली आणि तिचे पाय जागीच खिळले. आतून तिचाच आवाज येत होता.

“काय रे सोद्या, किती नखरे! घे बघू. मला काय दुसरी कामं नाहीत?” त्यापाठोपाठ तिचंच ते घसा खाकरणं.

दारातून तिला सगळं दिसलं. निळा स्वेटर. तिच्या चपला. केससुद्धा तिच्यासारखे मागे आवळून बांधलेले. यामिला फरशीवर बसली होती आणि फिदेओ तिच्या बोटांवरचा भात मिटक्या मारत खात होता. घरभर तिच्या कोलोनचा वास भरून राहिला होता.

यामिलाने वर पाहिलं. ती हळूच उठली आणि ओठांवर बोट ठेवून दारापाशी आली.

“किल्ली,” ओतिलिया दात ओठ खात म्हणाली. “माझी किल्ली दे.”

“देते, बाई. पण जरा हळू बोला, चार घास राहिलेत त्याचे,” यामिला कुजबुजली. “आधी पाणीसुद्धा पीत नव्हता. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही बहिणीला तशीच टाकून आला असता. मग मी कपाट उघडलं. या घरात यामिला म्हणून कुणी आहे, हे त्याला अजून कळलेलंच नाही.”