तुरीच्या दाण्याएवढे दोन पॉलिप

सासू-सुनेच्या गुदाशयात सापडलेले पॉलिप, म्हणजे मांसाचे बारीक कोंब, अगदी सारखे होते, तुरीच्या दाण्याएवढे. दवाखान्यातल्या निदान करणाऱ्या यंत्राने निकाल मात्र वेगळे दिले. एकाहत्तर वर्षांच्या गोदाक्कांचा पॉलिप कापायचा. अडतीस वर्षांच्या वैजयंतीला शस्त्रक्रियेची गरज नाही.

"यंत्राची गल्लत झाली असेल," गोदाक्का म्हणाल्या. "म्हातारी मी आहे."

"नाही हो, आजी," डॉक्टरीणबाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या. "असला पॉलिप बिघडून कॅन्सर व्हायला दहा वर्षं लागतात. माणसाकडे तेवढी वर्षं असतील, तरच यंत्र कापायला सांगतं."

"मग हिच्याकडे किती आहेत?"

"ते सांगायची आम्हाला परवानगी नाही."

दोघी रिक्षाने घरी निघाल्या. चौदा वर्षांत सुनेच्या हातचं काही म्हणून गोदाक्कांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. आमटी पाणचट, पोळ्या वातड, चालणं म्हशीचं. घरी येऊन वैजयंतीने सवयीने स्वयंपाक केला, पण आमटीत मीठ दोनदा पडलं.

गोदाक्कांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून गिळला.

"छान झालीये हो आमटी."

वैजयंतीने पळी खाली ठेवली.

"आई, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली, "नावं ठेवा."