रीतसर मागणी

शाळेसमोर भरधाव गाडीनं एका मुलीची सायकल उडवली. पोरगी थोडक्यात वाचली. तेव्हापासून शिवणक्लासवाल्या काकूंनी काकांच्या मागे धोशा लावला होता, कारण रस्ते खात्यातले इंजिनिअर काकाच होते.

"अहो, तिथं एक गतिरोधक घाला ना!"

"घरी सांगून सरकारी कामं होत नसतात. रीतसर मागणी यायला हवी," असं म्हणून काका पेपरात डोकं खुपसायचे.

शेवटी काकूंनी मशीनवरचं शिवणकाम तसंच टाकलं आणि फोनवरून ऑनलाइन याचिका काढली. बघता बघता हजारो सह्या झाल्या. साहेबांनी काकांना फैलावर घेतलं आणि याचिकावाल्या बाईंची जातीनं माफी मागून यायला सांगितलं.

काकांनी स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

"मॅडम, आपली मागणी मंजूर झाली आहे. झाल्या उशिराबद्दल खात्याच्या वतीनं क्षमस्व."

"आभारी आहे. चपला बाहेरच काढा."

गतिरोधक झाला. पोरं निर्धास्त रस्ता ओलांडू लागली.

पुढच्याच आठवड्यात काकूंची नवी याचिका आली, 'आमच्या न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त करा.' काका भर दुपारी पान्हा घेऊन धावत घरी आले, कारण पहिली सही साहेबांची होती.