धर्माचा चहा

कंपनीचा गॅस प्रकल्प रद्द झाल्याची बातमी आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या मांडवात वर्षानुवर्षं धरणं धरून बसलेल्या कोळ्यांपैकी कुणाच्यात नाचायचंही त्राण उरलं नव्हतं. प्रमोद धरण्यावरच्या प्रकाशप्रतिमा एकेक करून बंद करू लागला. होडीवर गेलेल्या माणसांच्या जागी त्या बसत आणि त्यांच्याच आवाजात घोषणा देत. द्वारकाकाकीचा नवरा धर्मा पावसाळ्याआधी वारला, तरी त्याची प्रतिमा रोज बसायची.

“गॅस नको, मासळी हवी!” धर्मा ओरडला आणि सवयीने काकीकडे वळला. “चहा आणलास का गो?”

काकीने रोजच्यासारखा वाफाळता कप त्याच्यापुढे ठेवला.

“काकी, जिंकलो आपण. आता यालाही बंद करतो,” प्रमोद हळूच म्हणाला.

“तुमच्यासाठी एवढी वर्षं घसा फोडला त्याने,” काकी म्हणाली. “त्याचा चहा तरी संपू दे.”