चार प्रवासी

“चार!” चहाच्या थांब्यावर गाडीच्या दारात उभं राहून कंडक्टरांनी बोटाने मोजलं, मग ते पुढच्या सीटवर बसले, दार ओढलं आणि आतून दोनदा टकटक केलं. “चला, जाऊ द्या!”

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण घरची गाडीसुद्धा कंडक्टरांनी माणसं मोजल्याशिवाय हलत नसे. ड्रायव्हर आणि कंडक्टर मोजणीत धरायचे नाहीत, बाकीची डोकी भरली की डबल बेल. घरात माणसं सहा, म्हणजे आकडा चार. गेले पाच दिवस प्रत्येक थांब्यावर तो चारच आला होता. नाती त्यांची नक्कल करून खिदळायच्या. पण आबांनी चार म्हटलं की गाडीत कुणी मागे वळून बघत नसे, इतका त्या आकड्यावर सगळ्यांचा विश्वास.

सहलीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत घर गाठायचं होतं. रोज गाडी चालवून मुलाची पाठ धरली होती, म्हणून या चहाच्या थांब्यानंतर सूनबाईंनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि तो मधल्या सीटवर दोन्ही मुलींच्या शेजारी ऐसपैस बसला. सगळ्यात मागची जागा कंडक्टरांच्या बायकोची. बॅगांमध्ये उशी खोचून ती तिथे डुलकी काढायची, त्यामुळे मागून आवाज आला नाही तरी कुणाला नवल वाटायचं नाही.

कंडक्टर मनातून फार खुशीत होते. ऐन सुट्ट्यांच्या दिवसांतच त्यांची ड्युटी लागायची. चौतीस वर्षं लोकांची बायकापोरं त्यांनी खिडकीशी बसवून फिरायला नेली आणि स्वतःची घरी ठेवली. बायकोने कधी चकार शब्द काढला नाही, आणि नेमकं तेच त्यांना सलायचं. या पाच दिवसांत मात्र तिने पाण्यात पाय सोडले, नातींशी पैज लावून ती टेकडी चढली, प्रत्येक फोटोत तोंडभर हसली. तिला असं हसताना बघून ते भरून पावले होते.

वीसेक मिनिटांनी त्यांनी एक संत्रं सोललं आणि अर्धं मागे केलं. “आजीला दे गं.”

धाकटी नात मागे वळली. उशी, बॅगा, ओले टॉवेल. “आबा, आजी नाहीये.”

“आडवी झाली असेल. नीट बघ.”

“नाहीये म्हणजे नाहीचये!”

मुलाने घाईघाईने फोन लावला. तो मागच्या सीटवर, आजीच्या पर्समध्येच वाजू लागला.

“बाबा, तुम्ही मोजलं होतं ना?” सूनबाईंनी गाडी कडेला घेत विचारलं.

“मोजलं तर! चार भरले.” कंडक्टरांनी पुन्हा बोट उचललं. दोन नाती. मुलगा, तीन. सूनबाई... आणि बोट हवेतच थांबलं. उभ्या जन्मात त्यांनी ड्रायव्हर मोजला नव्हता, तो आज मोजला होता. सूनबाई म्हणजे प्रवासी, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की हातातलं स्टिअरिंग त्यांना दिसलंच नाही.

“मला धरलंत तुम्ही, बाबा,” सूनबाई हळूच म्हणाल्या. एरवी या चुकीवर गाडी हसून हसून लोळली असती. आता कुणी हसलं नाही.

रस्त्याला मधे दुभाजक. वळायला अकरा किलोमीटर पुढे जावं लागलं आणि मग सगळं अंतर मागे. कंडक्टरांना दरदरून घाम फुटला होता.

“इतक्या वर्षांत एक प्रवासी मागे सोडला नाही रे,” ते मुलाला म्हणाले, “आणि सोडलं ते कुणाला!”

ती सुखरूप असेल ना, ही धास्ती तर होतीच. पण त्याहून वाईट दुसरी होती. याही वेळी आपल्यालाच मागे ठेवलं, असं तिला वाटलं तर? पाच दिवसांचं सगळं हसू त्यात वाहून जाणार होतं.

थांबा आला. चहाच्या दुकानाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती हातात कप धरून बसली होती. गाडी नीट उभी राहायच्या आत कंडक्टर उतरले. चहावालीने त्यांना वाटेतच गाठलं.

“तुम्हीच का ते? या मागे हात धुवून येईपर्यंत गाडी गेलेली. माझा फोन देत होते मी यांना. तर म्हणाल्या, नंबर कुणाचा पाठ नाही, पण काळजी नको. आमच्या ह्यांची मोजणी पक्की असते. उशिरा का होईना, कळेल त्यांना.”

कंडक्टरांनी मान खाली घातली. “चुकलं गं माझं,” ते बायकोला म्हणाले. “जन्मभर तुलाच मागे ठेवत आलो, आणि आज पुन्हा...”

“घाबरलीस का गं आई?” मुलाने विचारलं.

“घाबरले की! गाडी दिसेपर्यंत जिवात जीव नव्हता.” तिने कप खाली ठेवला. मागे सूनबाई आणि दोन्ही नातीही उतरून धावत येत होत्या. तिने सगळ्यांकडे एकवार बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

“अहो, चौतीस वर्षं तुमची बस लोकांना घ्यायला जायची आणि मी दारातून बघत राहायची,” ती म्हणाली. “आज अख्खी गाडी माझ्या एकटीसाठी उलटी फिरली.”